मात्रा वजनाची, मदार मूत्रपिंडाची

१९३८ साली अमेरिकेतल्या मूत्ररोगशास्त्राच्या एका नियतकालिकात वायलंड लेडबेटर आणि कार्ल बर्कलँड या दोघा डॉक्टरांनी पाच-साडेपाच वर्षांच्या एका मुलाची हकीकत छापली. मुलाचा रक्तदाब भलताच चढलेला होता. त्याचे एक मूत्रपिंड जागेवर नव्हते. ते खाली ओटीपोटात राहून गेले होते आणि त्याला रक्त पुरवणारी धमनी आतून जवळजवळ बुजलेली होती. ते मूत्रपिंड काढून टाकले आणि रक्तदाब उतरला. त्याच्या वर्षभर आधी बॉस्टनचे ॲलन बटलर यांनी, एका बाजूचे मूत्रपिंड जंतुसंसर्गाने खराब झालेल्या मुलाचा रक्तदाब ते काढल्यावर ताळ्यावर आल्याचे लिहिले होते. आणि या सगळ्याची पार्श्वभूमी म्हणजे क्लीव्हलँडच्या हॅरी गोल्डब्लाट यांचे १९३४चे प्रयोग: त्यांनी कुत्र्यांच्या मूत्रपिंडाच्या धमनीला चिमटा लावून तिथले रक्त कमी केले आणि कुत्र्यांना कायमचा उच्च रक्तदाब जडवून दाखवला. प्रयोगशाळेतली ही गोष्ट माणसातही खरी असते, याचा पहिला ठळक पुरावा मोठ्या माणसांनी दिला नाही, मुलांनी दिला. पुढची दोन दशके मोठ्यांचीही मूत्रपिंडे काढण्याची टूम निघाली. १९५६ साली होमर स्मिथ यांनी अशा शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला, तेव्हा जेमतेम चौथा हिस्सा रुग्ण बरे झाल्याचे निघाले आणि टूम ओसरली. मोठ्यांच्या बहुतेक उच्च रक्तदाबाला एकच एक कारण सापडत नाही. लहानग्यांचे तसे नसते. मूल जितके लहान आणि रक्तदाब जितका जास्त, तितका पहिला संशय मूत्रपिंडावर घ्यावा लागतो.

ही गोष्ट १९३८पासून माहीत असूनही औषधशास्त्राने तिचा सरळ निष्कर्ष काढायला पाऊण शतक घेतले, आणि तोही अर्धाच काढला, असे माझे म्हणणे आहे. निष्कर्ष साधा आहे. ज्या मुलांना रक्तदाबाची औषधे लागतात त्यांच्यातल्या पुष्कळांचे मूत्रपिंडच आजारी असते. आणि ही औषधे शरीराबाहेर टाकण्याचे कामही बऱ्याच अंशी मूत्रपिंडच करते. म्हणजे रोगाचे मूळ आणि औषधाची वाट एकाच अवयवात आहे. अशा वेळी किलोमागे इतके मिलिग्रॅम हा हिशेब पुरा पडत नाही. तरीही बालरोगशास्त्राचा धडा दीर्घकाळ वजनकाट्यापाशीच सुरू होऊन तिथेच संपत होता, आणि औषधांची रीतसर तपासणी सुरू झाली तेव्हा मूत्रपिंडाने हात टेकलेली मुलेच नेमकी बाहेर ठेवली गेली.

चूक इतके दिवस खपून का गेली, याचे एक कारण औषधांच्या पहिल्या पिढीतच आहे, आणि त्या पिढीचा एक धागा थेट मुंबईत येतो. १९४९ साली मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेच्या मुळीचा उच्च रक्तदाबावरील अनुभव प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य डॉक्टरांचे लक्ष त्या लेखाने या वनस्पतीकडे वळले. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील संशोधकांनी तिच्यातून रिसर्पिन वेगळे काढले. काही वर्षांतच अमेरिकेत तीव्र मूत्रपिंडदाहाने आजारी मुलांना रिसर्पिन आणि हायड्रॅलझिन ही जोडी दिली जाऊ लागली. घसा दुखून किंवा अंगावर गळवे-खरूज होऊन गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी तोंड सुजलेले, लघवी कमी आणि गडद तपकिरी झालेली, रक्तदाब चढल्यामुळे झटके येऊ लागलेले मूल, हे दृश्य तेव्हा सगळीकडचे होते आणि आपल्याकडच्या रुग्णालयांतून ते अजूनही हद्दपार झालेले नाही. या जोडीने मुले गुंगत, नाक चोंदे, पण रक्तदाब उतरे. विशेष म्हणजे ही दोन्ही औषधे मुख्यतः यकृतात मोडली जातात. मूत्रपिंड आठवडाभर संपावर गेले तरी त्यांचा फार मोठा साठा रक्तात होत नसे. पहिल्या पिढीने डॉक्टरांना असे बेफिकीर करून ठेवले. मात्रा वजनावर ठरवा, रक्तदाब बघा, पुढे चला, हा परिपाठ तेव्हा पडला, आणि औषधे बदलली तरी परिपाठ बदलला नाही.

मूत्रपिंड किती काम करते हे मोजण्याची विद्या मात्र दुसऱ्याच दालनात वाढत होती. होमर स्मिथ आणि त्यांच्या समकालीनांनी १९३०च्या दशकात इन्युलिन नावाची, डेलियाच्या कंदात सापडणारी शर्करा शिरेतून देऊन ती लघवीत किती वेगाने उतरते हे मोजायला सुरुवात केली. इन्युलिन शरीरात मोडत नाही आणि मूत्रपिंडाच्या गाळणीतून गेल्यावर परत शोषलेही जात नाही; त्यामुळे ते बाहेर पडण्याचा वेग म्हणजेच गाळण्याचा वेग, ज्याला डॉक्टर मंडळी जीएफआर म्हणतात. १९४०च्या दशकात हेन्री बार्नेट आदींनी ही मोजणी तान्ह्या आणि कमी दिवसांच्या बाळांमध्येही केली. आकडे मोठ्यांशी ताडून पाहायचे म्हणून ते शरीराच्या १.७३ चौरस मीटर पृष्ठभागाच्या हिशेबात मांडले गेले. हा पृष्ठभाग १९२०च्या दशकातील पंचविशीतल्या सरासरी अमेरिकी माणसाचा, आणि १९२८मध्ये मॅकिंटॉश, मोलर आणि व्हॅन स्लाइक यांनी रूढ केलेला. तीन किलोच्या बाळाचा पृष्ठभाग असतो जेमतेम ०.२ चौरस मीटर. तरीही या मापाने एक गोष्ट लख्ख दिसली. पूर्ण दिवसांच्या नवजात बाळाचा गाळण्याचा वेग मोठ्यांच्या सुमारे पाव ते तिसऱ्या हिश्शाइतका असतो, पहिल्या दोन आठवड्यांत तो साधारण दुप्पट होतो आणि वर्ष-दोन वर्षांत मोठ्यांच्या पातळीला पोचतो. मूत्रपिंडातल्या गाळण्या घडण्याचे काम गर्भारपणाच्या ३४ ते ३६ आठवड्यांपर्यंत चालते. त्याआधी जन्मलेल्या बाळाचे मूत्रपिंड अर्धवट बांधकामाच्या अवस्थेतच कामाला लागते. उलट धडधाकट दोन-तीन वर्षांच्या मुलात किलोमागे हिशेब केला, तर औषध बाहेर टाकण्याचा वेग मोठ्यांपेक्षा जास्तच भरतो. म्हणजे किलोमागे मिलिग्रॅम हा एकच नियम नवजात बाळाला जास्त औषध देतो आणि दुडदुडणाऱ्या मुलाला कमी. चूक दोन्ही दिशांनी होते, म्हणून ती सरासरीत लपून राहते.

मोजणीची ही विद्या आणि औषधाची मात्रा यांची गाठ पहिल्यांदा घालून दिली ती प्रतिजैविकांनी. १९५९ साली क्लोरॅम्फेनिकॉलने नवजात बाळे राखाडी पडून दगावत असल्याचे अमेरिकेत उघड झाले. तिथे मुख्य कच्चेपणा यकृताचा होता, पण मूत्रपिंडाचाही वाटा होता. त्याच वर्षी कॅल्व्हिन क्युनिन आणि मॅक्सवेल फिनलंड यांनी मूत्रपिंड बंद पडलेल्या रुग्णांच्या रक्तात प्रतिजैविके किती काळ रेंगाळतात हे मोजून दाखवले. पुढे बाझेलच्या लुझियस डेटली यांनी याचे गणित बसवले: औषध शरीरातून जाण्याचा वेग हा दोन हिश्शांचा असतो, एक मूत्रपिंडाचा आणि एक बाकीच्या वाटांचा; मूत्रपिंडाचा हिस्सा, गाळण्याच्या वेगाचा अंदाज देणाऱ्या क्रिएटिनिन या द्रव्याच्या निचऱ्याबरोबर सरळ रेषेत उतरतो. मोरीचे भोक अर्धे बुजले आणि वरून तांब्यांचा ओघ तसाच राहिला, तर पाणी कुठवर चढेल हे सांगायला जो हिशेब लागतो, तोच हा. रक्तदाबाच्या औषधांना तो लावायची वेळ मात्र वेगळ्याच दिशेने येत होती, ब्राझीलच्या जंगलातून.

जराराका नावाच्या ब्राझिलियन सापाच्या विषात रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या द्रव्याचा जोर वाढवणारा घटक आहे, हे सर्जिओ फेरेरा यांनी १९६५च्या सुमारास दाखवले. त्या सूत्रावरून स्क्विब कंपनीत मिगेल ओंडेट्टी आणि डेव्हिड कुशमन यांनी तोंडाने घ्यायचे कॅप्टोप्रिल घडवले आणि १९८१ साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. मूत्रपिंडातून सुरू होणारी, रक्तदाब चढवणारी अँजिओटेन्सिनची साखळी हे औषध मध्येच तोडते. मूत्रपिंडजन्य रक्तदाबावर याहून नेमका उतारा कल्पिणे कठीण. पण शोषले गेलेले कॅप्टोप्रिल ९५ टक्क्यांहून अधिक लघवीवाटेच बाहेर पडते, त्यातले जवळपास निम्मे काहीही बदल न होता. त्याच्यानंतर आलेले एनलाप्रिल यकृतात कार्यक्षम रूप घेते, पण ते रूप बाहेर टाकते मूत्रपिंडच. लिसिनोप्रिल तर शरीरात मोडतच नाही. जसे आत जाते तसे लघवीतून बाहेर येते. जुन्या पिढीच्या बेफिकिरीला आता जागा उरली नव्हती. मोठ्यांमध्ये याची किंमत लगेच दिसली. सुरुवातीच्या काळात कॅप्टोप्रिल भरमसाट मात्रेत दिले जाई, आणि पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घसरण्याचे प्रमाण मूत्रपिंडे निरोगी असलेल्या ८,६००हून अधिक रुग्णांत अवघे एक, तर क्रिएटिनिन १.६ किंवा त्याहून जास्त असलेल्यांत सुमारे ५००मागे एक असे निघाले. औषध तेच, फरक मूत्रपिंडाचा.

नवजात बाळांमध्ये जे घडले ते याहून गुंतागुंतीचे होते. १९७०च्या दशकापासून अतिदक्षता विभागांत नाळेच्या धमनीतून नळी घालून रक्त घेण्याची पद्धत रुळली, आणि तिच्या टोकाला धरलेली रक्ताची गुठळी सुटून मूत्रपिंडाच्या धमनीत अडकू लागली. गोल्डब्लाट यांच्या चिमट्याचेच काम ती गुठळी करी. अशा बाळांचा रक्तदाब कॅप्टोप्रिलने चटकन उतरे, कधी कधी नको इतका. मोठ्या मुलांच्या मात्रेवरून वजनाच्या प्रमाणात काढलेल्या डोसाने कमी दिवसांच्या बाळांचा रक्तदाब अनपेक्षितपणे आणि लांबलचक काळ कोसळू लागला, लघवी थांबू लागली, झटके येऊ लागले. १९८०च्या दशकाच्या अखेरीस याचे अहवाल छापून आले आणि आज औषधाच्या माहितीपत्रकातच नवजात बाळांबद्दलचा हा इशारा आहे. नवजातांसाठी सुरुवातीची मात्रा किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमपर्यंत खाली आली. मोठ्या मुलांच्या मात्रेचा हा साधारण तिसावा हिस्सा. केवळ औषध साचते म्हणून एवढा फरक पडत नाही. नवजात मूत्रपिंडात गाळणीवरचा दाब टिकवण्याचे काम बऱ्याच प्रमाणात अँजिओटेन्सिनवरच चाललेले असते. तीच दोरी कापली की गाळणे मंदावते, आणि गाळणे मंदावले की औषध आणखी साचते. म्हणजे हे औषध स्वतःची बाहेर पडण्याची वाट स्वतःच अरुंद करते. गर्भावस्थेत तर ते मूत्रपिंडाची घडणच बिघडवते. १९९२ साली अमेरिकेने या गटाच्या औषधांवर गर्भवतींसाठी ठळक चौकटीतला इशारा छापायला लावला, तो त्यामुळेच. बालकात मूत्रपिंडाचे कार्य औषधावर परिणाम करते, असे आपण एकेरी भाषेत बोलतो. खरे तर हा दुहेरी व्यवहार आहे, आणि नुसत्या वजनाच्या तक्त्यात तो कुठेच मावत नाही.

आता प्रत्यक्ष डॉक्टरच्या टेबलावर काय होते ते पाहू. प्रत्येक मुलाला इन्युलिन देऊन दिवसभर लघवी गोळा करणे शक्य नाही. १९७६ साली न्यूयॉर्कचे जॉर्ज श्वार्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोपी वाट काढली: मुलाची सेंटिमीटरमधली उंची घ्या, ०.५५ने गुणा आणि रक्तातल्या क्रिएटिनिनने भागा. क्रिएटिनिन स्नायूंतून येते आणि उंचीवरून स्नायूंचा अंदाज बांधता येतो, हे त्यातले मर्म. पुढे रक्त तपासण्याची रीत सुधारली. जुन्या रासायनिक पद्धतीत क्रिएटिनिनबरोबर दुसरेही पदार्थ मोजले जात आणि आकडा फुगे, ते नव्या पद्धतीत थांबले. म्हणून २००९ साली, मूत्रपिंडविकाराच्या मुलांवर चाललेल्या उत्तर अमेरिकेतील मोठ्या अभ्यासाच्या आधारे श्वार्ट्झ यांनीच गुणक ०.४१३वर आणला. उंची ११० सेंटिमीटर, क्रिएटिनिन १.०, असे पाच-सहा वर्षांचे मूल समजा. नव्या गुणकाने त्याचा गाळण्याचा वेग मिनिटाला ४५ मिलिलिटर येतो (१.७३ चौरस मीटरमागे). रिपोर्ट नव्या पद्धतीचा आणि गुणक मात्र डोक्यात बसलेला जुना, असे झाले तर तो ६० येतो. आणि मोठ्यांचे रिपोर्ट बघण्याची सवय असलेल्या डोळ्याला १.० हा आकडा चक्क नॉर्मल वाटतो. कागदावर त्याच्यापुढे लाल खूणही नसते. त्या वयात निरोगी मुलाचा आकडा ०.४च्या आसपास असतो. मूत्रपिंडाचे निम्म्याहून अधिक काम गेलेले असताना मूल ‘रिपोर्ट चांगला आहे’ हे ऐकून घरी जाऊ शकते, आणि त्याला लिसिनोप्रिलची मात्रा पूर्ण मिळू शकते. पहिल्या काही दिवसांच्या बाळात तर हा आकडा बाळाचा नसतोच, आईचा असतो; वारेतून आलेले क्रिएटिनिन हळूहळू ओसरेपर्यंत तो कशाचाच पुरावा नाही.

ही सगळी माहिती हाताशी असताना औषधांची अधिकृत तपासणी मुलांवर का झाली नाही? १९६०च्या दशकातच हॅरी शर्की या अमेरिकी बालरोगतज्ज्ञांनी मुलांना औषधांच्या जगात पोरके म्हटले होते. थॅलिडोमाइडच्या दुर्घटनेनंतर १९६२ साली कायदा कडक झाला, औषध परिणामकारक आहे हे सिद्ध करणे सक्तीचे झाले. कंपन्यांनी ते मोठ्यांवर सिद्ध केले आणि माहितीपत्रकात मुलांसाठी सुरक्षितता सिद्ध झालेली नाही असे वाक्य घालून हात झटकले. १९९७ साली अमेरिकी काँग्रेसने नामी युक्ती काढली: सरकारने सांगितलेल्या पद्धतीने मुलांवर अभ्यास करा आणि बाजारातली मक्तेदारी सहा महिने जास्त भोगा. बक्षीस अभ्यास करण्याबद्दल होते, औषध गुणकारी ठरण्याबद्दल नव्हे. रक्तदाबाची औषधे मोठ्या खपाची, म्हणून तिथे कंपन्या धावल्या. एनलाप्रिल ११० मुलांवर, लिसिनोप्रिल ११५, लोसार्टन १७७. सगळी सहा ते सोळा वयाची. या अभ्यासांनी खरोखरच मोलाची माहिती दिली, ती नाकारण्याचे कारण नाही. एनलाप्रिलची किलोमागे ०.०८, लिसिनोप्रिलची ०.०७ आणि लोसार्टनची ०.७ मिलिग्रॅम ही आरंभीची मात्रा तेव्हापासून माहितीपत्रकात आली. त्यासोबत औषध पातळ करण्याची कृतीही आली, आणि ती वाचण्यासारखी आहे: २० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या बाटलीत टाका, ५० मिलिलिटर सायट्रेटचे द्रावण ओता, निदान दोन मिनिटे हलवा, तासभर ठेवा, पुन्हा हलवा, मग १५० मिलिलिटर साखरविरहित गोड पाक घाला, मिलिलिटरमागे एक मिलिग्रॅम, फ्रिजमध्ये तीस दिवस. पातळ करून देण्याजोग्या एनलाप्रिलच्या भुकटीला अमेरिकेत परवानगी मिळायला २०१३ उजाडले. तोवर मुलांचे औषध म्हणजे कोणीतरी कुटलेली गोळी, आणि मात्रेतल्या दशांश चिन्हाची भिस्त खलबत्त्यावर.

पण त्याच माहितीपत्रकांत आणखी एक वाक्य आहे. एनलाप्रिल, लिसिनोप्रिल आणि लोसार्टन, तिन्हींमध्ये लिहिले आहे की गाळण्याचा वेग ३०च्या खाली असलेल्या मुलांना हे औषध देण्याची शिफारस नाही, कारण माहिती उपलब्ध नाही. लिसिनोप्रिल शरीरात कसे फिरते हे २९ मुलांत मोजले गेले, ती सगळी ३०च्या वरची. वाक्य वाचताना असे वाटते की ३० ही निसर्गाने आखलेली रेघ असावी. तसे काही नाही. ती अभ्यासाच्या आखणीत घातलेली रेघ आहे. आकडे स्वच्छ यावेत, गुंतागुंत टळावी, मुदतीत काम उरकावे, यासाठी आजारी मूत्रपिंडांची मुले वगळली गेली, आणि वगळल्यामुळे माहिती नाही, आणि माहिती नाही म्हणून शिफारस नाही, असे हे वर्तुळ पुरे झाले. आखणी घाईची होती याचा आणखी एक पुरावा २००८ साली डॅनियल बेंजामिन आणि सहकाऱ्यांच्या विश्लेषणातून मिळाला. अशा सहा औषधांच्या अभ्यासांपैकी अम्लोडिपिन, फोसिनोप्रिल आणि इर्बेसार्टन यांत मात्रा वाढवली तर परिणाम वाढतो हे दिसलेच नाही. कमी आणि जास्त मात्रेत अंतर पुरेसे नव्हते आणि मुलाच्या वजनाबरहुकूम मोजून देता येईल असे पातळ औषधही वापरलेले नव्हते. कंपन्यांना बक्षीस मिळाले. मुलांसाठी मात्रा कोणती, हा प्रश्न तिथेच राहिला.

यावर पहिला आक्षेप नीतीचा येतो, आणि तो वजनदार आहे. ज्या मुलाचे मूत्रपिंड शेवटच्या टप्प्यात आहे त्याला प्रयोगात का ओढायचे? पोटॅशियम वाढून हृदय थांबले तर जबाबदार कोण? प्रश्न रास्त आहे, पण तो गृहीत धरतो की प्रयोगाबाहेर ते मूल सुरक्षित असते. तसे नसते. डायलिसिसच्या उंबरठ्यावरच्या मुलाचा रक्तदाब उतरवावाच लागतो, आणि डॉक्टर हीच औषधे अंदाजाने देतात. फरक इतकाच की त्या अंदाजातून पुढच्या मुलासाठी काही शिल्लक उरत नाही. आणि काळजीपूर्वक अभ्यास होऊ शकतो याचा दाखला युरोपाने दिला आहे. हायडेलबर्गच्या एल्के व्यूल आणि फ्रान्झ शेफर यांच्या पुढाकाराने झालेल्या ‘एस्केप’ अभ्यासात गाळण्याचा वेग १५ ते ८० असलेली ३८५ मुले होती. सगळ्यांना पृष्ठभागाच्या चौरस मीटरमागे ६ मिलिग्रॅम रामिप्रिल दिले गेले. अर्ध्यांचा रक्तदाब इतर औषधांच्या जोडीने आणखी खाली ठेवला. पाच वर्षांत मूत्रपिंडाचे काम निम्म्यावर येणे किंवा ते निकामी होणे हे कडक नियंत्रणाच्या गटात २९.९ टक्के मुलांत घडले, नेहमीच्या गटात ४१.७ टक्के. २००९ साली हा निकाल प्रसिद्ध झाला. ३०च्या कुंपणापलीकडे जाऊन केलेल्या या कामाने मुलांच्या मूत्रपिंडविकाराचे उपचारच बदलले. २०१७च्या अमेरिकी मार्गदर्शिकेतले रक्तदाबाचे लक्ष्य त्यावरच उभे आहे. अभ्यास निर्दोष नव्हता: लघवीतून जाणारी प्रथिने आधी घटून पुढे पुन्हा वाढू लागली, आणि त्याचे पूर्ण उत्तर अजून मिळालेले नाही. पण हा प्रश्न पडायलाही अभ्यास व्हावा लागला.

दुसरा आक्षेप व्यवहारी डॉक्टरांचा. रक्तदाब पट्टा बांधून मोजता येतो. कमी मात्रेने सुरू करा, हळूहळू वाढवा, रक्तात औषध किती साचले याची उठाठेव कशाला? बऱ्याच अंशी हे खरे आहे, आणि रोजच्या कामात हाच मार्ग आहे. पण पट्ट्याला जे दिसते तेवढेच औषध करत नाही. पोटॅशियम चढणे, क्रिएटिनिन वाढणे हे पट्टा सांगत नाही. मूत्रपिंड वाचवण्याचा गुण रक्तदाब उतरल्यावर किती मात्रेपर्यंत वाढत जातो, हेही सांगत नाही. शिवाय ‘कमी मात्रा’ म्हणजे किती, हे ठरवायला मुळात आकडा लागतो. नवजातांच्या बाबतीत ‘कमी’ आणि ‘खरोखर कमी’ यांत तीसपटीचे अंतर निघाले, ते आपण पाहिले. उलट्या दिशेची फसगतही आहे. फ्युरोसेमाइड हे लघवी वाढवणारे औषध रक्तात फिरून काम करत नाही. मूत्रपिंडाने ते नलिकेत ओतले तरच ते आतून काम करते. मूत्रपिंड मंदावले की औषध रक्तात रेंगाळते आणि कामाच्या जागी मात्र कमी पोचते, म्हणून मात्रा वाढवावी लागते, घटवावी लागत नाही. कमी दिवसांच्या बाळात तर हे औषध दिवसभर रेंगाळू शकते, तेव्हा मात्रा वाढवली तर दोन मात्रांमधले अंतरही वाढवावे लागते. मूत्रपिंड आजारी, म्हणून सगळ्याच औषधांची मात्रा निम्मी करा, असा ठोकळेबाज नियमही म्हणूनच चालणार नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत मोहक आहे: मग मूत्रपिंडाला वळसा घालून जाणारे औषध द्या. अम्लोडिपिन यकृतात मोडते, मूत्रपिंड कसेही असो, प्रश्नच मिटला. पण मूत्रपिंडविकार दीर्घकाळ चालला की रक्तात साचलेल्या द्रव्यांमुळे यकृतातली काही विकरे आणि औषधे वाहून नेणारी प्रथिनेही मंदावतात, त्यामुळे यकृत हा संपूर्ण सुरक्षित आडमार्ग नाही. अम्लोडिपिनही सहा वर्षांखालच्या मुलांत किलोमागे जास्त वेगाने बाहेर पडते, तेव्हा वयाचा हिशेब तिथेही सुटत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रक्तदाब उतरणे आणि मूत्रपिंड वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लघवीतून प्रथिने जाणाऱ्या ३०६ मुलांच्या अभ्यासात बारा आठवड्यांत लोसार्टनने ती गळती सुमारे ३६ टक्क्यांनी घटवली. अम्लोडिपिन किंवा नुसती बनावट गोळी घेणाऱ्यांत ती जवळपास जैसे थे राहिली. वळसा घालून जाणारे औषध सोयीचे आहे, पण ज्या अवयवामुळे मूल आजारी आहे त्याच्या तितक्या उपयोगाला ते येत नाही.

१९९७नंतरची पायवाट वाया गेली असे मी म्हणत नाही. पुढे सरकारी पैशावर मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या मुलांत लिसिनोप्रिलचे मोजमाप झाले आणि गाळण्याचा वेग जसा कमी तसे औषधही कमी वेगाने बाहेर पडते, हे डेटलींच्या रेषेला धरून आकड्यांत उतरले. पण बक्षीस देऊन अभ्यास करवून घेण्याच्या व्यवस्थेचा कल सोप्या मुलांकडे असतो, आणि तो कायद्याने मोडल्याशिवाय मोडत नाही. परवानगी देणाऱ्या यंत्रणांनी, आपल्या देशातल्याही, अट एवढीच घालावी: रक्तदाबाच्या औषधाचा मुलांवरील अभ्यास मंजूर करताना ३०च्या खालचा एक गट असल्याशिवाय तो पूर्ण मानू नये.

तोवर ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनी तीन गोष्टी पाहाव्यात. औषधाच्या चिठ्ठीवर वजनाबरोबर उंची आणि ताजे क्रिएटिनिन लिहून घ्यावे. एनलाप्रिल, लिसिनोप्रिल, रामिप्रिल किंवा लोसार्टन सुरू झाल्यावर वा वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांत पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासले गेले ना, हे विचारावे. आणि मुलाला जुलाब-उलट्या लागल्या, पाणी कमी जाऊ लागले, तर औषध द्यायचे की थांबवायचे हे त्याच दिवशी फोन करून डॉक्टरांना विचारावे. पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट पाहू नये.